रात्रभर चाललो, तेव्हा बोललो

गेल्या जूनमध्ये मी भाचीकडे अमेरिकेला, न्यू जर्सीत गेले होते. बेळगावहून निघताना पिशवीत कुंद्याचे दोन डबे होते आणि मनात थोडी धास्ती. भाचीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरने प्रभूजवळ गेली. भाची घरी पोहोचली ती दफनाच्या आदल्या रात्री. त्यानंतर आम्ही दोघी फोनवर हवापाण्याचेच बोलत होतो.

आठवडाभराने ती म्हणाली, "मावशी, शनिवारी रात्रभर चालायला येतेस? कॅन्सरच्या कामासाठी पैसे जमवतात."

"अगं, माझे गुडघे!"

"दमलीस की तंबूत बस. पण ये की गं."

या चालण्याला 'रिले फॉर लाइफ' म्हणतात. टॅकोमा शहरातले सर्जन डॉ. गॉर्डी क्लॅट १९८५ च्या मे महिन्यात एका मैदानाला २४ तास फेऱ्या घालत राहिले. ८३.६ मैल, म्हणजे जवळजवळ १३५ किलोमीटर! त्यांच्या मित्रांनी २५-२५ डॉलर देऊन अर्धा अर्धा तास सोबत केली. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी २७ हजार डॉलर जमले. आता तेच गावोगावी होते. गट करायचा, ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या घ्यायच्या आणि गटातल्या कोणी ना कोणी मैदानावर चालत राहायचे. रात्रीच का, म्हणून मी विचारले. भाची म्हणाली, "आजारी माणसाला तरी कुठे झोप लागते?"

आम्ही गेलो ते शाळेच्या मैदानावर. पहिली फेरी या रोगातून उठलेल्यांची. जांभळे टी-शर्ट घालून आजीबाई, तरुण मुले, एक शाळकरी मुलगी चालत होती आणि दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते. आपण इथे 'तो आजार' म्हणतो, तेही आवाज खाली करून. तिथे ते अंगावर लिहून उजेडात चालले होते.

अंधार पडल्यावर कडेने कागदी पिशव्या मांडल्या. तळाशी वाळू, आत मेणबत्ती, बाहेर गेलेल्याचे नाव. भाचीने देवनागरीत एकच शब्द लिहिला, 'आई'. मैदानाचे दिवे मालवले आणि सगळे मुकाट्याने चालू लागले. मला आपली ईस्टरची पहाट आठवली, कब्रस्थानात मेणबत्त्या लावून उभे असतो ती.

पहाटे तीनच्या सुमारास आमच्या गटाची पाळी होती. दोघीच चालत होतो. ती समोर बघतच म्हणाली, "मावशी, मला का नाही सांगितलंस?"

"तुझी परीक्षा होती बाळा. ताईलासुद्धा आम्ही सांगितलं नव्हतं. गाठ काढली, आता बरी होशील, असंच म्हणत होतो."

"आईला माहीत होतं. एकदा फोनवर म्हणाली, 'सगळे माझ्यासमोर हसतात गं.' मला तेव्हा कळलं नाही."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ताईच्या उशाशी बसून मी किती हसले होते! तिला जपतो आहोत असे वाटायचे. खरे तर तिच्या रडण्याची मलाच भीती होती. एक फेरी तशीच गेली. 'आई' लिहिलेल्या पिशवीपाशी आल्यावर मी म्हणाले, "चुकलं माझं."

'असू दे' असे ती म्हणाली नाही. तिने माझा हात धरला. "चल, अजून वीस मिनिटं आहेत आपली," एवढेच म्हणाली. सकाळपर्यंत ताईबद्दल आम्ही जितके बोललो, तितके तीन वर्षांत बोललो नव्हतो.

परत आल्यावर मी ओळखीच्या एका बाईंकडे गेले. त्यांची केमोथेरपी चालू आहे. पूर्वी मी दारातूनच 'बऱ्या होणार हं' म्हणून परतत असे. या वेळी आत बसले आणि विचारले, "भीती वाटते का?" त्या तासभर बोलल्या. मी फक्त ऐकले. आता त्यांच्या तपासणीच्या दिवशी रिक्षाने मी सोबत जाते.

दर रविवारी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. करायलाच हवी. पण उपासना सुटल्यावर त्यांच्यातल्या एकाच्या घरी जाऊन या. खोटा धीर देऊ नका. ज्याचा आजार आहे त्याला बोलायचे असेल तर बोलू द्या, नसेल तर नुसते शेजारी बसा. आणि घरातल्या माणसापासून त्याचाच आजार लपवत असाल, तर एकदा फिरून विचार करा. ताईच्या वेळी मला हे कोणी सांगितले नाही, म्हणून लिहिले.

— एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव