सामायिक पातेले

तिरोडी हे बालाघाट जिल्ह्यातील मँगनीजच्या खाणीचे गाव. येथील आमच्या घरी वडिलांनी अखेरच्या वर्षांत आपल्या आठवणी संगणकावर टंकून ठेवल्या. परवा तो प्रोग्रॅमच उघडेना. पडद्यावर एवढेच : ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ सापडत नाही. आईचा चेहरा उतरला.

वाचकहो, आठवणी कोठेही गेल्या नव्हत्या. लग्नकार्याची मोठी पातेली घरोघर नसतात, मंडळाची सामायिक असतात. तशाच या फाइली अनेक प्रोग्रॅमांना सामायिक असतात. पातेले जागेवर नसले की स्वयंपाक अडतो. धान्य मात्र कोठीत सुरक्षित असते.

अशा वेळी अनोळखी संकेतस्थळावरून ती एकच फाइल उतरवून घेऊ नये. तिच्यासोबत विषाणू शिरू शकतो. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’च्या २०१५ पासूनच्या संचात असते. तो संच कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ६४ बिटांच्या संगणकावर ३२ व ६४ असे दोन्ही बसवावेत. नाव दुसऱ्या फाइलीचे असेल, तर मूळ प्रोग्रॅम पुन्हा बसवून पाहावा. तत्पूर्वी लेखनाची प्रत अन्यत्र ठेवावी.

आम्ही तसेच केले. सायंकाळी आई वडिलांचे शब्द पुन्हा वाचीत बसली.