परतीच्या पाण्याचा हिशेब

नदीखोऱ्याच्या विकासाचे पर्याय संगणकावर मांडून तपासणं आता कुणाला नवं राहिलेलं नाही. धरणाची उंची वाढवली तर काय, ऊस कमी केला तर काय, शहर दुप्पट झालं तर काय, हे मॉडेलला विचारायचं आणि पुढच्या तीस वर्षांचा येवा आणि वापर पडद्यावर पाहायचा. ऊर्ध्व भीमा खोऱ्यात, म्हणजे उजनीच्या वरच्या १४,८५८ चौरस किलोमीटरांत, हे काम देशी-परदेशी अनेक हातांनी करून झालं आहे. त्याचा आढावा पुनावळ्यात बसून घ्यावा, याला माझ्या मते कारण आहे. गावाला लागून पवना वाहते, रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी उचललं जातं आणि तिथून थोडं खाली गेलं की तेच पाणी वापरून झालेलं नदीत परत येताना दिसतं. मॉडेलवाल्यांना जे मांडायला सगळ्यात अवघड जातं, ते इथे उघड्यावर आहे.

आमच्या पिढीचं मॉडेल म्हणजे पावसावरून येवा काढायचा एक तक्ता आणि दोन सूत्रं. तक्ता स्ट्रेंजसाहेबाचा, १८९२ चा. सूत्रं इंग्लिस आणि डिसूझा यांची, १९२९ ची. पश्चिम भारतातल्या ५३ सरितामापन केंद्रांच्या नोंदींवर बेतलेली. घाटमाथ्यासाठी एक आणि दख्खनच्या पठारासाठी वेगळं. घाटावर ४०० सेंटिमीटर पाऊस पडला तर त्यातला ३०९ सेंटिमीटरहून अधिक नदीला मिळतो. पठारावर ७० सेंटिमीटर पडला तर जेमतेम १४. लोणावळ्यापासून पिंपरीपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरांत पाऊस एवढा उतरतो आणि त्यातला नदीला मिळणारा वाटा त्याहून वेगाने उतरतो. हे त्या दोन ओळींत स्वच्छ दिसतं आणि शाळेत गणित शिकलेला कुणीही ते कागदावर पडताळून पाहू शकतो. ही सूत्रं आता कालबाह्य झाली, असं काही विद्वान हल्ली परिसंवादांतून सांगतात. दिवसागणिक येवा काढायला ती अपुरी आहेत, हे मान्य. पण ज्याच्या पाण्याचा हिशेब मांडायचा त्या माणसाला तो तपासता आला पाहिजे, हा त्यांचा गुण नव्या साधनांत शोधूनही सापडत नाही.

मधला काळ भराभर ओलांडतो. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ चं. तिथली माती-सिमेंटची प्रतिरूपं पाहत आमच्यातले कित्येक जण घडले. १९६२ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी जलव्यवस्थेच्या आखणीत अर्थशास्त्र आणि संगणक एकत्र आणले. पुढे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी हेक नावाची प्रणालींची मालिका काढली. आज पूररेषा आखताना तिच्यातलीच हेक-रास सर्रास वापरली जाते. यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

मला थांबायचं आहे ते स्वॅटपाशी. टेक्सासमधल्या टेंपल गावी, अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात जेफ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी हे मॉडेल घडवलं. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाचे पॉल वॅग्नर, पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या शमिता कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी ते पुण्याच्या वरच्या मुळा-मुठा खोऱ्याला लावलं. पवना त्यातच आली. पहिली अडचण झाडांची. मूळ मॉडेलमध्ये झाडांची विश्रांती दिवसाच्या लांबीवर ठरते. थंड मुलखातली झाडं हिवाळ्यात झोपतात. आपल्या सह्याद्रीतली झाडं पानं टाकतात ती कोरड्या दिवसांत. अभ्यासकांनी विश्रांतीचा काळ उन्हाळ्याकडे सरकवला, तेव्हा बाष्पीभवनाचा हिशेब ताळ्यावर आला. दुसरी अडचण पर्जन्यमापकांची. पाऊस दर डोंगराला बदलतो आणि मापकं मोजकी. म्हणून उपग्रहाने टिपलेल्या पावसाच्या ठेवणीचा आधार घ्यावा लागला. साधन परक्या मातीतून आणलं तरी इथल्या ऋतूंप्रमाणे ते वळवावं लागतं. या मंडळींनी ते कष्टाने वळवलं, म्हणून त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्यांचा २०१३ चा निष्कर्ष तर प्रत्येक नगरसेवकाने वाचावा असा आहे. १९८९ ते २००९ या वीस वर्षांत या खोऱ्यातलं नागरी क्षेत्र ५.१ टक्क्यांवरून १०.१ टक्क्यांवर गेलं, शेतजमीन ९.७ वरून १३.५ टक्क्यांवर. अख्ख्या खोऱ्याचा ताळेबंद पाहिला तर फरक जवळजवळ दिसत नाही, कारण शहरामुळे वाढलेलं वाहतं पाणी आणि शेतीमुळे वाढलेलं बाष्पीभवन एकमेकांना खाऊन टाकतात. उपखोऱ्यांत उतरून पाहिलं की काही ठिकाणी पाण्याचा येवा ७.६ टक्क्यांपर्यंत वाढलेला आढळतो. खोऱ्याची सरासरी दाखवून ‘विकासाचा नदीवर परिणाम नाही’ असं सांगणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलो ते याचसाठी. पुनावळे, ताथवडे, रावेत इथे भातखाचरांवर आणि ज्वारीच्या शिवारांवर काँक्रीट पडलं, त्याचं उत्तर मुळशीच्या जंगलाशी सरासरी काढून मिळत नाही.

बाकीच्या कामांची नोंद थोडक्यात. ऊर्ध्व भीमेच्या भूजलावर सुरीनायडू, बेकन आणि पाव्हेलिक यांनी मॉडफ्लो हे मॉडेल चालवून उपशाचे आणि पुनर्भरणाचे पर्याय तपासले. जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेच्या साधनांवर कृष्णा-भीमेसाठी पूर आणि धरणांच्या विसर्गाची प्रणाली उभी राहिली. पुराच्या दिवसांत तिचा उपयोग आहे. दीर्घ पल्ल्याच्या नियोजनात तिच्यावर फार भिस्त ठेवू नये असं मला वाटतं.

आता परतीचं पाणी. कृष्णा पाणीतंटा लवादाने, आपण ज्याला बचावत लवाद म्हणतो त्याने, सत्तरच्या दशकात हिशेबाचा एक नियम घातला: घरगुती वापरासाठी उचललेल्या पाण्यापैकी २० टक्केच खर्ची धरायचं, उद्योगांच्या पाण्यापैकी २.५ टक्के. उरलेलं नदीला परत मिळालं असं मानायचं. राज्याराज्यांत वाटणी करताना हा नियम ठीक होता. पण तोच आकडा पुढे खोऱ्यांच्या आराखड्यांत जसाच्या तसा उतरत गेला आणि तिथे त्याने घोटाळा केला.

पवनेपुरतं गणित मांडतो. पिंपरी-चिंचवड पवनेतून रोज सुमारे पाचशे दशलक्ष लिटर पाणी उचलतं. वर्षाचे जवळजवळ साडेसहा टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, झाले. पवना धरणाचा उपयुक्त साठाच साडेआठ टीएमसीच्या आसपास. बचावतच्या नियमाने यातले पाचएक टीएमसी नदीत परत. दापोडीला पवना मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला आणि भीमा उजनीला. उजनीच्या येव्यात पुण्याचं आणि आमचं सांडपाणी असं घनमीटरांत जमा होतं, पण त्याची प्रत त्या रकान्यात कुठे लिहिलेली नसते. संख्येच्या मॉडेलला पाणी म्हणजे पाणीच. इंदापूर-करमाळ्याच्या माणसाला ते पाणी नाकाला कळतं. म्हणून परतीच्या प्रत्येक टीएमसीला त्याची प्रत जोडल्याशिवाय कुठलाही सिनॅरिओ मंजूर करू नये, हा माझा आग्रह आहे. स्वॅटमध्ये तशी सोय आहे. भरायला मोजलेले आकडे हवेत.

याच हिशेबातून पवनेची बंद जलवाहिनी पाहावी. धरणातून थेट निगडीला बंद नळाने पाणी आणायचं, म्हणजे गळती, चोरी आणि प्रदूषण टळेल, ही महापालिकेची बाजू. आजची सोय अशी की, शहराचं पाणी धरणापासून रावेतपर्यंत नदीतूनच येतं. त्यावर काठच्या मोटारी चालतात आणि विहिरींना पाझर मिळतो. मॉडेलच्या भाषेत ही नदीची गळती, मावळच्या शेतकऱ्याच्या भाषेत त्याचा उन्हाळा. दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून, नळ टाकल्यावर नदीत महिन्यागणिक किती सोडणार आणि कोणत्या गावाच्या विहिरी किती उतरणार, हे गावसभांत मांडायला हवं होतं. साधनं तेव्हाही होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. प्रकल्पावर स्थगिती आली, ती २०२३ मध्ये उठली. तांत्रिक प्रश्न तांत्रिक लोकांनीच सोडवावेत, असं म्हणणाऱ्यांना मी बऊरचं नाव सांगतो.

दुसरा एक पर्याय मॉडेलमध्ये घालायला लोक बिचकतात. मुळशी, ठोकरवाडी, वळवण, शिरवता इथलं भीमेच्या खोऱ्याचं पाणी शंभर वर्षांपासून विजेसाठी घाटाखाली कोकणात सोडलं जातं. लवादाने त्याला सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे सरासरी वर्षाला बेचाळीसच्या वर. उजनीचा उपयुक्त साठा ५३ टीएमसी. मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ चा, तेव्हा विजेला सौरऊर्जेचा पर्याय नव्हता. आज टंचाईच्या वर्षी त्यातला काही भाग पूर्वेला वळवला तर विजेचं किती नुकसान आणि सोलापूरपर्यंत किती लाभ, हा सिनॅरिओ प्रत्येक अभ्यासात पहिल्या पानावर असायला हवा. अनेक अभ्यास तो प्रवाह न बदलणारी स्थिर संख्या म्हणून घेतात. एवढा मोठा आकडा स्थिर धरला, की उरलेले पर्याय ऊस आणि शहर यांच्यातच भांडत राहतात.

आणि हे सगळं ज्यावर उभं आहे ती मोजणी? नदीवर उभं राहून प्रवाहमापकाने वेग घेणं आणि पुरानंतर काटछेद पुन्हा मोजणं, या कामाची प्रतिष्ठा गेली. नवे अभियंते हुशार आहेत, मॉडेल आमच्यापेक्षा कितीतरी सफाईने चालवतात. पण ज्या नदीचं कॅलिब्रेशन करतात तिच्यात पाय घातलेला नसतो. पात्रात राडारोडा पडून काठ आत सरकला, तर जुन्या काटछेदांवर आखलेली निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तशीच राहते आणि पाणी मात्र घरात येतं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने मोजणीची गरजच उरणार नाही असं म्हणणारेही भेटतात. कधीच न मोजलेली गोष्ट कुठलीही बुद्धिमत्ता शिकू शकत नाही.

२००५ च्या कायद्याने राज्याचा एकात्मिक जल आराखडा बंधनकारक केला. त्यातल्या भीमा खोऱ्याच्या पुढच्या फेरीसाठी माझं मागणं छोटं आहे. रावेतच्या बंधाऱ्यावर आणि दापोडीला संगमाच्या जरा वर बारमाही मापन केंद्र असावं; विसर्ग आणि पाण्याची प्रत दोन्ही रोज नोंदवावी आणि नोंद मराठीत, महिन्याच्या महिन्याला, महापालिकेच्या आणि मावळातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावी. पावसाळा सोडला, तर दोन केंद्रांमधला फरक म्हणजे या शहराचं पवनेतलं परतीचं पाणी, गृहीत न धरता मोजलेलं. तो आकडा हाती आला की बचावतचे २० टक्के पवनेला लागू पडतात की नाही, हे कुठल्याही मॉडेलशिवाय कळेल.