टफन काच बसवताय? भाव नंतर विचारा, आधी माप नीट घ्या

दुकानाचं दार असो, दवाखान्याचं पार्टिशन असो की नव्या बंगल्याचा जिना, गावागावांत आता टफन काच बसतेय. ऑर्डर देताना पहिला प्रश्न ठरलेला: "स्क्वेअर फुटाला काय भाव?" पण या काचेत पैसे बुडतात ते भावात नाही, मापात.

साधी काच अर्धा इंच जास्त झाली तर काचवाला कटरने रेघ मारून जागेवर काढून देतो. टफन काचेला ही सोय नाही. भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. "बघतो जरा ड्रिल मारून" म्हणणाऱ्याच्या हातात चुरा येतो. मग नवी काच, पुन्हा पूर्ण पैसे.

असं का? काच आधी मापात कापतात, कडा घासतात, बिजागरी-हँडलची भोकं पाडतात. मग भट्टीत 620 अंश सेल्सियसच्या वर तापवून, बाहेर काढल्याबरोबर दोन्ही बाजूंनी जोरात हवा मारतात. वरचा थर लगेच थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग नंतर आकसायला बघतो, पण वरचा थर त्याला आकसू देत नाही. त्यामुळे वरचा थर कायम दाबात आणि पोट कायम ताणात राहतं. याच दाबामुळे ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. मात्र तडा पोटापर्यंत गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचे बारीक खडे होतात. गाडीची बाजूची काच फुटल्यावर रस्त्यावर पडतात ना, तसेच. साधी काच फुटली तर सुरीसारखे लांब तुकडे होतात. दारावर धडकलेल्या पोराचा हात त्यानेच कापतो. म्हणून दाराला साधी काच नकोच.

आता माप. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंचीही तशीच. सगळ्यात कमी भरेल ते धरा. आपल्याकडची चौकट क्वचितच काटकोनात असते, त्यामुळे दोन्ही कर्णही मोजा. इंच-सूतात लिहिलं असेल तर शेजारी मिलिमीटर लिहा. एक सूत म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर, पण दार अडायला तेवढं पुरतं. फरशी, प्लास्टर बाकी असेल तर थांबा. फरशी बसली की उंची बदलते. भोकांच्या जागा कागदावर काढून, त्यावर काचवाल्याची सही घ्या.

काच आली की कडेवरून बोट नको, नजर फिरवा. टवका उडालेला दिसला तर परत पाठवा. या काचेचं मर्म कडेत आणि कोपऱ्यात असतं. मधे मार सोसेल, पण कोपरा फरशीवर आपटला तर संपलं. उतरवताना खाली लाकडी पट्टी किंवा रबर ठेवा.

टफनच्या नावाखाली साधी काच गळ्यात पडू नये म्हणून कोपऱ्यात आयएसआय मार्क आणि आयएस 2553 हा क्रमांक बघा. तो काचेतच पक्का उमटलेला हवा. नखाने निघणारं स्टिकर चालणार नाही.

आणखी एक. गॅलरीचा कठडा किंवा डोक्यावरचं छत करायचं असेल तर नुसती टफन पुरत नाही, कारण फुटली की ती सगळी खाली येते. तिथे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच मागा. गाडीची पुढची काच असते तीच जात. तडे गेले तरी जागेवर चिकटून राहते.