गाडी उजेडात बघावी

नोट प्रेसमध्ये माझी एकोणतीस वर्षं छापून आलेल्या शीट तपासण्यात गेली. नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सिक्युरिटी प्रेस 1925 ची, नोट प्रेस 1928 ची. नेहरूनगर, जेल रोड, उपनगर इथल्या कितीतरी घरांचा संसार तिच्यावर उभा राहिला. शीट हातात आली की चित्र दिसेनासं होतं, फरक तेवढा दिसतो. एका कडेला शाई जरा फिकी, एखादा आकडा केसभर खाली. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून कोणाचे फंडाचे पैसे आले आणि गाडी घ्यायची ठरली की शेजारचे म्हणतात, ‘काकू, जरा चला ना बघायला.’

मी जाते, कारण आमची पहिली गाडी मी नीट बघितली नव्हती. जुनीच होती, मुंबई पासिंगची. संध्याकाळी सात वाजता ट्यूबच्या उजेडात बघितली. रंग चकचकीत, आत अत्तराचा वास. पहिल्याच पावसाळ्यात सेंट्रल लॉक आपोआप उघडायला लागलं. मग एका रात्री सप्तशृंगी गडावरून उतरताना नांदुरीच्या घाटात दोन्ही हेडलाइट गेले. मागे मुलं झोपली होती. ह्यांनी मोबाइलच्या उजेडात गाडी कशीबशी कडेला घेतली. पुढच्या आठवड्यात देवळाली गावातल्या गॅरेजवाल्या भाऊंनी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून दाखवला. टोकाच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. गाडी कधीतरी पुरात उभी राहिलेली होती. मुंबईने 26 जुलै 2005 पाहिला, आपल्या गोदावरीने 2008, 2016 आणि 2019 ला पाणी दाखवलं. बुडलेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते, हे तेव्हा आमच्या डोक्यातच आलं नाही.

आता मी गाडी सकाळीच बघते, उन्हात. मालकाला आदल्या दिवशी निरोप देते की आम्ही येण्याआधी इंजिन चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बोनेटवर. ते गरम असेल तर थंड इंजिनची कुरकुर लपवायला गाडी आधीच चालवली असेल, असं समजून मी जास्त बारकाईने बघते. मग सीटबेल्ट ओढायचे, चारही. डिकीतली चटई उचलून स्टेपनीखालचा गंज बघायचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो, त्यात साल कळतं. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर ती का बदलली, हे विचारायचं. टायरवर चार आकडी खूण असते: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, हे जुळत नाही. नोटेचं जसं, तसंच गाडीचं: एकटी खूण फार सांगत नाही, दोन खुणा एकमेकींशी भांडल्या की थांबायचं.

चालवून बघायला गल्लीतली चक्कर पुरत नाही. मी सिन्नर फाट्यावरून शिंदे गावाच्या पुढे मोहदरी घाटापर्यंत न्यायला लावते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरतं पण वेग वाढत नाही, तर क्लच संपत आलाय. उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते का, तेही तिथेच कळतं.

कागदाच्या बाबतीत लोक घाई करतात, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदला. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. विकणाऱ्यालाही हे सांगायला हवं: गाडी दिली पण नाव बदललं नाही आणि पुढे अपघात झाला, तर नुकसानभरपाई नोंदीत नाव असलेल्या मालकावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय.

नवी घ्यावी की जुनी, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या गाडीचा भाव त्याआधीच्या नव्या किमतीवरून सांगितला जात असेल तर मी तो मान्य करत नाही. नवी असो वा जुनी, दोन एअरबॅग आणि एबीएस नसतील तर आमच्या ओळखीत कोणाला मी ती घेऊ देत नाही.

शेजारचा मुलगा अंबडला कंपनीत जातो, तोही मोटरसायकलवर. गाडी लागणार ती रविवारी आणि लग्नाकार्याला, वर्षाला पाच हजार किलोमीटर. तो सीएनजीवर अडून बसला होता. मी कागदावर मांडून दाखवलं. पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि सोळाचं अ‍ॅव्हरेज धरलं तर वर्षाला 31 हजार. गॅस नव्वद रुपये किलो आणि चोविसाचं अ‍ॅव्हरेज धरलं तर पावणेएकोणीस हजार. वाचले साडेबारा. सीएनजी मॉडेलला नव्वद हजार जास्त द्यायचे असतील तर ते वसूल व्हायला सात वर्षं, आणि डिकी सिलिंडरने भरलेली. रोज सिन्नरला जाणाऱ्याचं गणित वेगळं निघेल, त्याने सीएनजी जरूर घ्यावी. या मुलाला पाच-सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक पुरते.

गेल्या रविवारी त्याच्यासाठी बघितलेली मोहदरीच्या चढावर गुरगुरली. या रविवारी सकाळी आठला जेल रोडवर दुसरी बघायची आहे. इंजिन थंड ठेवा, असं मालकाला कळवलंय.