मुक्या स्टिरिओची चिकित्सा

म्हैसूरचे नाव निघाले की दसऱ्याची मिरवणूक, चंदन आणि रेशीम यांची आठवण होते. परंतु ध्वनीच्या इतिहासातही या नगरीला मानाचे स्थान आहे. येथील महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले. 'आकाशवाणी' या नावाने ते ओळखले गेले आणि तेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने धारण केले. याच नगरीचे महाराज जयचामराज वडियार हे पाश्चात्य संगीताचे मोठे जाणकार. रशियन संगीतकार निकोलाय मेटनर यांच्या रचना खुद्द त्यांच्याच वादनातून ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून महाराजांनी लंडनमध्ये द्रव्यसाहाय्य केले.

पहिल्या उदाहरणातून नवशिक्याने धीर घ्यावा, कारण गोपालस्वामींचा अध्यापनाचा विषय विद्युत्शास्त्र नव्हता. दुसऱ्यातून एक जाणीव घ्यावी : ध्वनी जपून ठेवावा लागतो, आणि जपलेला ध्वनी यंत्रावाचून ऐकू येत नाही. आपल्याकडे अनेक घरांतून हौसेने घेतलेले स्टिरिओ संच आज माळ्यावर धूळ खात आहेत. शेजारी तबकड्यांची चवड आणि कॅसेटींचा डबा असतो. त्या डब्यात बाजारात पुन्हा मिळतील अशी गाणी असतील. पण एखाद्या फितीवर आजोबांचे कीर्तन किंवा आज प्रौढ झालेल्या लेकीचे बोबडे बोलही असतील. संच भंगारवाल्याच्या तराजूत गेला की हे स्वर असूनही नसल्यासारखेच. म्हणून हा नुसता फावल्या वेळचा छंद आहे असे मी मानत नाही.

मात्र कुतूहलाआधी सावधपणा हवा. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. खटका बंद केल्याने यंत्र निर्धोक होते असे नाही. प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे. त्यानंतरही आतील मोठे धारित्र, ज्याला कारागीर कंडेन्सर म्हणतात, काही काळ विद्युत्भार धरून बसते. व्हॉल्व्हच्या जुन्या संचात हा दाब ३०० व्होल्टच्याही वर जातो, आणि काही जुन्या रेडिओंत तर धातूचा सांगाडाच थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. असे संच नवशिक्याने जाणत्या माणसाच्या हाती द्यावेत. त्याने आरंभ करावा तो ट्रान्झिस्टरच्या साध्या संचापासून.

वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम चालू करू नये. दुरुस्तीच्या दुकानांत 'सिरीज बोर्ड' नावाची एक साधी युक्ती वापरतात. तंतूचा जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा दिवा संचाशी एकसर जोडणीत ठेवतात. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा ठीक. प्रखर पेटून तसाच राहिला तर आत कोठेतरी वीज आडवाटेने वाहते आहे असे समजावे. दिव्याने प्रवाह अडवल्यामुळे संच जळण्यापासून वाचतो. परंतु हे संरक्षण यंत्राचे आहे, हाताचे नव्हे.

आता मुख्य गोष्ट. स्टिरिओ म्हणजे दोन वाटांनी येणारा ध्वनी. इंग्लंडमधील ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने १९३१ साली या कल्पनेचे पेटंट मागितले, आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. कानाला दोन्ही बाजूंचा भास व्हावा म्हणून ध्वनिवर्धकाचे उजवे आणि डावे असे दोन सारखे भाग करण्यात आले. श्रोतेहो, नवशिक्याचा गुरू या रचनेतच बसलेला आहे! एक बाजू मुकी झाली तरी दुसरी बोलती असते. आणि बोलती बाजू हाच मुक्या बाजूचा नकाशा होय.

समजा, डावीकडून आवाज येत नाही. संच बंद करून तबकडीयंत्राकडून ध्वनिवर्धकात येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करावी. आता उजवी बाजू मुकी झाली, तर दोष तारेसोबत सरकला. म्हणजे तो सुईत, तारेत किंवा तबकडीयंत्रात आहे. डावी बाजूच मुकी राहिली, तर दोष ध्वनिवर्धकात किंवा त्यापुढील स्पीकरमध्ये आहे. स्पीकरची परीक्षा निराळी घ्यावी. त्याच्या तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की जिवंत स्पीकर 'टक्' असा आवाज देतो. मुक्या बाजूला चांगला स्पीकर जोडण्यापूर्वी तेथील दाब मीटरने मोजावा. काही व्होल्टचा स्थिर दाब दिसला तर तो स्पीकरही जळेल. पुढे आतील भागांतही हीच रीत चालते. वीज तोडून एका बाजूच्या भागाचा रोध मोजावा, मग त्याच जागी दुसऱ्या बाजूचा. आकडे जेथे फार वेगळे निघतील तेथे थांबावे.

वार्धक्य यंत्रालाही ठरावीक जागीच गाठते. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते, कारण त्यातील कार्बनच्या पट्टीवर धूळ साचते. त्यासाठी मिळणारा द्रव फवारून बटण वीसपंचवीस वेळा फिरवले की पुष्कळदा खरखर थांबते. शिवणयंत्राचे तेल तेथे घालू नये. कॅसेटयंत्रातील रबरी पट्टा ढिला पडतो किंवा डांबरासारखा चिकट होतो. तो बदलणे स्वस्त आणि सोपे. दोन्ही बाजूंनी संथ घुमणारा 'हं' ऐकू आला तर बहुधा वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेला असतो. त्याच्या पोटातील कागद द्रवात भिजवलेला असतो, आणि उष्णतेने तो द्रव आटत जातो. नवा बसवताना धारकता तीच असावी, व्होल्टची मर्यादा कमी नसावी आणि धन-ऋण टोके उलटी होऊ नयेत. फ्यूज मात्र नेमक्या त्याच मापाचा हवा. त्याजागी तारेचा तुकडा अडकवणे म्हणजे पहारेकऱ्याला रजा देणे.

साहित्य फार लागत नाही. पेचकस, मल्टिमीटर, डाख देण्याची बेताची इस्त्री, कथील आणि वही एवढे पुरे. बंगळूरचा एस. पी. रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली येथे सुटे भाग मिळतात. या सर्वांत वहीचे महत्त्व अधिक. कोणती तार कोठून काढली, कोणता स्क्रू कोठला, हे लिहून ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच ऐकून पाहावे. चार भाग एकदम बदलले आणि आवाज आला, तरी ज्ञान मिळत नाही. आवाज न आल्यास गोंधळ चौपट होतो.

प्रत्येक संच जिवंत होईल असे नाही. जळालेला ट्रान्सफॉर्मर किंवा कोठेच न मिळणारा सुटा भाग यांपुढे हात टेकावे लागतात. परंतु माळ्यावरचे अनेक संच मेलेले नसतात. त्यांच्या एखाद्या अवयवाला नुसता गंज चढलेला असतो. भंगारात देण्याआधी त्यांना एकदा तपासून पाहावे. दोन बाजूंपैकी एक जरी बोलत असेल, तर दुसरी का बोलत नाही हे तीच सांगेल. आपण मात्र शांतपणे ऐकण्याची सवय ठेवली पाहिजे.