दिसेल तसं उतरवा

२७ नोव्हेंबर १५८२ रोजी इंग्लंडमधल्या वूस्टरच्या बिशपच्या दफ्तरात लग्नाच्या एका परवान्याची नोंद झाली. वर विल्यम शॅक्सपेर, वधू टेम्पल ग्राफ्टनची ॲन व्हेटली. दुसऱ्याच दिवशी स्ट्रॅटफर्डच्या दोन शेतकऱ्यांनी याच लग्नासाठी ४० पौंडांचं जामीनखत लिहून दिलं. त्यात वर विल्यम शॅगस्पेर आणि वधू स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे. शेक्सपिअरच्या आयुष्यात दोन ॲन होत्या की काय, यावर कादंबरी होईल इतके तर्क लढवून झाले आहेत. बहुतेक अभ्यासकांना पटलेलं उत्तर मात्र साधं, कचेरीतलं आहे. त्याच दिवशी तिथे व्हेटली नावाच्या एका पाद्र्याचा वाद सुनावणीला होता आणि ते आडनाव कारकुनाच्या लेखणीतून वधूच्या नावापुढे उतरलं असावं.

आज कुणी ही नोंद संगणकावर उतरवायला बसला तर त्याने काय लिहायचं? व्हेटली. हॅथवे नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण जुन्या चर्चची लग्नाची रजिस्टरं घरबसल्या उतरवून देणाऱ्या हजारो स्वयंसेवकांचा हा पहिला नियम आहे.

१५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशला (वसईकडचे ख्रिस्ती याला धर्मग्राम म्हणतात) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे पूर्वजांचा माग काढणारा माणूस त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांपाशी जातो, तसा तिकडचा या वह्यांपाशी जातो. फ्रीरेगसारखे प्रकल्प या नोंदी उतरवून सर्वांना फुकट शोधायला देतात. काम करणारे बहुतेक हौशी असतात, आणि त्यांच्या कामाबद्दलचे गैरसमज मात्र हौशी आणि जाणकार दोघांचेही.

“पानांचे फोटो आहेतच, मग टंकायचं कशाला?”

फोटो डोळ्यांना वाचता येतो, शोधयंत्राला त्यात नाव सापडत नाही. पूर्वज कोणत्या गावात लग्नाला उभा राहिला हे ठाऊक असेल तर फोटो पुरतो. तेच ठाऊक नसेल तर पानामागून पान चाळत बसावं लागतं. हस्ताक्षर वाचणारी यंत्रं आता आली आहेत आणि ती उपयोगीही आहेत. पण अक्षर लागलं नाही तर माणूस निदान अडखळतो. यंत्र पुष्कळदा न अडखळता एखादं शोभेलसं नाव ठोकून देतं.

“चुका सुधारून लिहिल्या की शोधणाऱ्याची सोय होते”

सगळ्यात घातक समज हाच, कारण तो चांगुलपणातून येतो. शेक्सपिअरचं आडनाव लागोपाठच्या दोन दिवसांत दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं, कारण आडनावाचं एकच प्रमाण रूप असावं ही कल्पनाच तेव्हा नव्हती. पाद्री किंवा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. लॅटिन नोंदीत विल्यम ‘गुलिएल्मुस’ होतो आणि जेम्स ‘जेकोबस’. इंग्रजीतली ‘जे-एन-ओ’ ही तीन अक्षरं पाहून नवखा माणूस जोनाथन लिहून मोकळा होतो. ते खरं तर जॉनचं संक्षिप्त रूप. ख्रिस्तोफरच्या सुरुवातीला ‘एक्स-पी’ दिसतात, ती मुळात ख्रिस्ताच्या ग्रीक नावातली दोन अक्षरं आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकातलं वळणदार ‘सेक्रेटरी’ अक्षर तर, मोडी न शिकलेल्या मराठी माणसाला मोडी जितकी परकी, तितकंच आजच्या इंग्रजाला परकं.

म्हणून नियम असा की दिसेल तसं उतरवा. एक अक्षर लागत नसेल तर त्या जागी खालची रेघ, अनेक लागत नसतील तर तारांकन, दोन अक्षरांत संशय असेल तर ती दोन्ही चौकटी कंसात. आपलं मत द्यायचंच असेल तर ते शेऱ्याच्या रकान्यात. सारखी वाटणारी नावं जुळवण्याचं काम शोधयंत्र करतं. उतरवणाऱ्याने ‘दुरुस्त’ केलेलं नाव मात्र मूळ पान पुन्हा उघडल्याखेरीज परत मिळत नाही. शहाणपण आवरून धरणं हे या कामातलं खरं कसब आहे, आणि शिकल्यासवरल्या माणसांना ते अंमळ उशिराच साधतं.

“तारीख तरी स्पष्ट असतेच”

अक्षर स्पष्ट असतं, वर्ष नसतं. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे एप्रिल १७२० मध्ये लग्न आणि जानेवारी १७२० मध्ये मुलाचा बाप्तिस्मा, अशा दोन नोंदी सापडल्या की आजचा वाचक भुवया उंचावतो. वास्तविक तो जानेवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा, लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलेला. पंचांग पाहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. २०२३ च्या पाडव्याला लागलेलं शके १९४५ हे २०२४ च्या जानेवारीतही चालूच होतं. अशा नोंदीत १७२०/२१ असे दोन्ही आकडे लिहितात, आणि त्या एका तिरप्या रेघेने कितीतरी खापरपणज्यांची अब्रू वाचली असेल!

लग्नाच्या वयाबद्दलही असंच. जुन्या काळी सगळीकडे बालविवाहच होत असणार, असं आपण आपल्या इतिहासावरून धरून चालतो. इंग्लंडच्या पॅरिश नोंदींतून कुटुंबं पुन्हा जुळवणाऱ्या केंब्रिजच्या संशोधकांना सतराव्या शतकात स्त्रियांचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय २६ च्या आसपास आढळलं, पुरुषांचं त्याहून थोडं जास्त. १८ व्या वर्षी २६ वर्षांच्या ॲनशी लग्न करणारा शेक्सपिअर अपवाद होता. वयाने अपवाद तो होता, ॲन नव्हे.

“परवाना मिळाला म्हणजे लग्न झालं”

शेक्सपिअरचा परवाना आहे, जामीनखत आहे, लग्नाची नोंद आजवर कुठेही सापडलेली नाही. परवाना हा इरादा असतो. तीन रविवारी चर्चमध्ये नावं पुकारणं, म्हणजे ‘बॅन्स’, हाही इरादाच. लग्न मोडण्याच्या रीती तिकडेही होत्या. उलट बाजूने, नोंद सापडली नाही म्हणून लग्नच झालं नाही असंही होत नाही. वह्या भिजल्या, उंदरांनी खाल्ल्या, इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत लिहिल्याच गेल्या नाहीत. कधी बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल तेवढी उरलेली असते.

नोंद सापडलीच तर तिच्यावरून धर्मपंथ ठरवण्याची घाई नको. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून इतर सगळ्यांना कायदेशीर लग्नासाठी अँग्लिकन चर्चमध्येच उभं राहावं लागे, कॅथलिकांनाही. हे बंधन घालणाऱ्या कायद्यानेच वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या सुरू झाल्या. सहीच्या जागी फुली दिसली की आपण ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो. १८४१ साली इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे एक तृतीयांश वरांनी आणि जवळपास निम्म्या वधूंनी फुलीच मारली होती. पण तिकडे वाचायला आधी शिकवत आणि लिहायला नंतर, त्यामुळे फुली मारणारी बाई बायबल वाचत असणं अगदी शक्य होतं. आपल्या जुन्या कागदांवरची ‘निशाणी नांगर’ही शेतकऱ्याच्या अकलेचं माप नव्हतीच.

“हा सगळा साहेबांचा मामला”

ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात मुंबई इलाख्याची स्वतंत्र मालिका आहे, १७०९ पासूनची. मुंबईच्या कोटातलं सेंट थॉमस, पुण्याच्या लष्करातलं सेंट मेरीज अशा चर्चमधल्या बाप्तिस्म्या-लग्नांच्या नकला जहाजाने लंडनला जात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचे स्वयंसेवक अशा नोंदींच्या सूच्या करतात. लंडनमधलं हे दफ्तर मूळ रजिस्टर नव्हे, नक्कल आहे, म्हणजे एका चुकीवर दुसरी चढण्याची सोय आधीच झालेली. गोऱ्या शिपायाशी लग्न लागलेल्या इथल्या बाईचं अनेकदा फक्त बाप्तिस्म्यात मिळालेलं नाव दिसतं. माहेर नाही, आडनाव नाही, मूळ नाव तर नाहीच.

अशा पानांवर मराठी माणसाला सोपं जावं. ‘टॅना’, ‘पूना’, ‘शोलापूर’, ‘नग्गर’ ही गावं त्याला एका नजरेत कळतात. ‘नग्गर’ म्हणजे नगर हे लंडनमधल्या स्वयंसेवकाला शोधावं लागेल, आपल्याला नाही. आणि नेमका तिथेच हात शिवशिवतो. ‘किर्की’ दिसलं की बोटं आपोआप खडकी लिहायला धावतात. खडकी शेऱ्याच्या रकान्यात लिहावं. गावाच्या रकान्यात किर्कीच.