देहाचा गंध आणि देहाचें आरोग्य

पांच ज्ञानेंद्रियांत नाकाइतकी उपेक्षा दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियाची झालेली नाहीं. डोळ्यांसाठीं चष्मा आहे, कानांसाठीं यंत्र आहे. नाकाची आठवण मात्र आपणांस सर्दी झाली म्हणजेच होते. त्यांतून कोणाच्या अंगाच्या वासाविषयीं बोलणें हें तर आपल्या घरांतून असभ्यपणाचेंच मानलें जातें. वास आला कीं साबण, पावडर किंवा अत्तर यांनीं तो झांकावा, एवढाच उपाय आपणांस ठाऊक असतो. परंतु हाच वास कित्येकदां देहाच्या आंतील वार्ता बाहेर आणीत असतो, आणि लाजेपायीं ती न ऐकल्यामुळें मोठी हानि होते, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

बीड जिल्ह्यांतील परळीचें ज्योतिर्लिंग वैजनाथ या नांवानें प्रसिद्ध आहे. वैजनाथ म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा स्वामी. समुद्रमंथनांतून निघालेलें अमृत आणि धन्वंतरि हीं दोन्हीं याच लिंगांत गुप्त झालीं, अशी तेथील आख्यायिका आहे. ज्या भूमींत वैद्यांच्या देवाची अशी थोरवी, तेथील घराघरांतून आपल्या जुन्या वैद्यकानें नाकाला काय काम सांगितलें होतें, याची आठवण असावयास हवी.

सुश्रुतानें रोग जाणण्याचे सहा मार्ग सांगितले आहेत: पांच ज्ञानेंद्रियें आणि सहावा रोग्यास विचारावयाचा प्रश्न. रोग्याच्या अंगाचा स्वाभाविक गंध कोणता व विकारानें आलेला कोणता, हें वैद्यानें नाकानें पारखावें, असें चरकाच्या विमानस्थानांत सांगितलें आहे. जिभेला मात्र त्यानें या कामांतून सूट दिली. शरीराची गोडी त्यावर बसणाऱ्या माशांवरूनच ओळखावी. पित्तप्रकृतीच्या मनुष्याच्या कांखेस, तोंडास व मस्तकास उग्र वास असतो. अतिस्थूलाच्या आठ दोषांत दुर्गंधि हा एक आहे. आणि प्रमेह होण्यापूर्वीं शरीरास कच्च्या मांसासारखा वास येऊं लागतो, असें चरकाचें निरीक्षण आहे. त्याच्या इंद्रियस्थानांतील दुसऱ्या अध्यायाचें तर नांवच ‘पुष्पितक’ आहे. ज्याच्या अंगास रात्रंदिवस नाना फुलांचा सुवास सुटतो, तो मनुष्य वर्षाच्या आंत जातो, असें त्यांत म्हटलें आहे. हें भाकीत आजच्या शास्त्रास मान्य होणार नाहीं. परंतु त्यामागील विचार ध्यानांत घेण्यासारखा आहे. चांगला वास म्हणजे आरोग्य व वाईट वास म्हणजे रोग, असें चरक म्हणत नाहीं. अकारण बदललेला वास, मग तो सुगंध कां असेना, त्याला शंकास्पद वाटतो.

चिनी वैद्यकहि याच वाटेनें गेलेलें दिसतें. तेथें रोगपरीक्षेचे चार प्रकार आहेत. त्यांपैकीं एकाच्या नांवाचे ऐकणें व हुंगणें असे दोन्ही अर्थ होतात. म्हणजे रोग्याचा आवाज आणि रोग्याचा वास हीं एकाच परीक्षेचीं दोन अंगें समजलीं जातात. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या ‘ह्वांग-दी नेइ-जिंग’ या ग्रंथांत पांच अवयवांना पांच गंध वांटून दिले आहेत: यकृताला उग्र, हृदयाला करपट, प्लीहेला सुगंधी, फुप्फुसाला मासळीसारखा व मूत्रपिंडाला कुजका. ही वांटणी पंचतत्त्वांच्या कल्पनेवर उभारलेली आहे. प्रयोगानें ती सिद्ध झालेली नाहीं, म्हणून तिच्यावरून घरच्या घरीं रोग ठरविणें शहाणपणाचें होणार नाहीं.

आधुनिक शास्त्र काय सांगतें? घाम स्वतः जवळजवळ निर्गंधच असतो. कांखेंत व जांघेंत तो सांचला म्हणजे त्वचेवरील सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करितात आणि वास उत्पन्न होतो. तेव्हां वैशाखाच्या उन्हांत शेतावरून आलेल्या माणसाच्या अंगाचा वास हा कष्टाचा वास आहे, रोगाचा नव्हे. लसूण आणि मेथी यांचाहि वास अंगास येतो. परंतु कांहीं वास निराळे असतात. मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं म्हणजे श्वासाला नवसागरासारखी झांक येते. यकृत फार बिघडलें म्हणजे कुबट-गोडसर वास येतो. मधुमेहांत इन्सुलीन अगदींच कमी पडलें, तर शरीर साखरेऐवजीं चरबी जाळूं लागतें आणि त्यांतून निघणाऱ्या द्रव्यामुळें श्वासाला अति पिकलेल्या फळाचा वास येतो. ज्या मुलाला कांहीं दिवस अतोनात तहान लागते, वारंवार लघवीला होतें, वजन उतरतें, आणि मग ओकाऱ्या व पोटदुखी सुरू होऊन श्वासास असा वास येतो, त्याला अजीर्ण समजून पाचक देत घरीं ठेवणें म्हणजे त्याच्या प्राणाशीं खेळ होय. अशा मुलास त्याच घटकेस रुग्णालयांत न्यावें. १९२२ सालीं टोरांटो येथें मनुष्यास प्रथम इन्सुलीन देण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें वांचत नसत. आज तीं वांचतात, पण वेळेवर नेलीं तरच.

असा बदल प्रथम कोणाच्या लक्षांत येतो? वैद्याच्या नव्हे, घरच्या माणसाच्या. नॉर्वे देशांत बोर्गनी एगेलँड नांवाची एक माता होती. तिच्या दोन्ही मुलांची बुद्धि वाढत नव्हती, आणि त्यांच्या लघवीस विचित्र कुबट वास येई. तिनें वैद्यामागून वैद्य गांठले. अखेर १९३४ सालीं डॉक्टर आस्ब्यर्न फॉलिंग यांनीं तिचें म्हणणें मनावर घेतलें, त्या मूत्राची परीक्षा केली आणि एक नवाच आनुवंशिक रोग उजेडांत आणला. तिच्या मुलांना त्याचा लाभ झाला नाहीं. परंतु आज जन्मतःच रक्त तपासून व आहार बदलून अशा अर्भकांची बुद्धि वांचवितां येते.

आतां आपल्याच भूमीकडे पाहूं. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस परमुलखीं जातात. कोपींत राहावयाचें, पाणी दूर, न्हाणीघर नाहीं. अशा स्थितींत स्त्रियांना अंगावरून पांढरें जाण्याचा विकार होतो, त्यास वास येऊं लागतो, आणि लाजेनें त्या गप्प बसतात. हा विकार बहुधा साध्या जंतुसंसर्गाचा असतो व कांहीं दिवसांच्या औषधानें बरा होतो. परंतु कर्करोगाचें भय दाखवून कित्येकींचें गर्भाशयच काढण्यांत आलें. २०१९ सालीं याचा बोभाटा झाला. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं शासनानें समिति नेमली. पाहणी केलेल्या ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकीं १३,००० हून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कित्येक तर चाळिशीच्याहि आंतील होत्या. सर्वांचें कारण एकच नव्हतें. तरीहि आरंभींच मोकळेपणानें बोलतां आलें असतें, तर यांतील किती जणी वांचल्या असत्या!

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं पाणी आहे, न्हाणीघर आहे. लाज मात्र तीच आहे. मुलगी आईजवळ बोलत नाहीं, सून सासूजवळ बोलत नाहीं, आणि वृद्ध सासरे तर कोणाजवळच बोलत नाहींत. म्हणून आमचें सांगणें इतकेंच: रोजच्या स्नानानें व धुतलेल्या वस्त्रानें जो वास जातो, त्याची चिंता करूं नये. जो जात नाहीं, किंवा जो पूर्वीं नव्हता व एकाएकीं येऊं लागला, तो अत्तरानें झांकूं नये. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावा. शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास दुसऱ्या डॉक्टरांचें मत अवश्य घ्यावें. अंबाजोगाई येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय आहे. तेथें जाण्यास कोणी संकोच करूं नये. आणि घरांतील कोणी धीर करून असा विषय काढला, तर त्यास हंसूं नये वा नाक मुरडूं नये. शांतपणें ऐकून घ्यावें.